चौकोनी आवाज

टीव्हीवर चित्र आलं, पण आवाज आला नाही. एवढीच गोष्ट होती. एवढ्याशा गोष्टीपायी मी लातूरला गेलो, सरकारदरबारी लोककलावंत झालो, आणि आमच्या गल्लीत आठ दिवस दुसरं लग्न करणारा म्हातारा म्हणून वावरलो.

वस्तू तशी साधी. लाल-पांढऱ्या प्लास्टिकचा डबा आणि त्याला वायरीनं जोडलेले दोन रिमोट. टीव्हीला लावायचा आणि गेम खेळायचा. आमची सुकन्या चौथीत पहिली आली तेव्हा मी तो आणला होता. सुकन्या चार दिवस खेळली आणि कंटाळली. पाचव्या दिवशी तिची आई खेळायला बसली, ती पुढं सव्वीस वर्षं उठली नाही.

म्हणजे रोज उठायची. स्वयंपाक, भांडी, धुणं सगळं आवरून दुपारी दोनला बसायची आणि चारला उठायची. डब्यावर नव्याण्णव हजार गेम असल्याचं छापलं होतं. प्रत्यक्षात सात-आठ होते आणि तेच फिरून फिरून यायचे. सिंधु त्यातला एकच खेळायची, सत्तेचाळीस नंबरचा. एक बुटका माणूस पळत असतो. वाटेत विहिरी येतात. विहिरीवरून उडी मारायची आणि वर लटकलेल्या घागरी घ्यायच्या. बस.

गेल्या वर्षी भाद्रपदात सिंधु गेली. यंदा वर्षाचं सगळं झालं, पाहुणे गेले, सुकन्या पुण्याला परतली. त्या सोमवारी दुपारी दोन वाजता मला घरात बसवेना. म्हणून मी कपाटातून तो डबा काढला.

इथं पहिला सल्ला आला. डब्याचा अडॅप्टर सापडत नव्हता. भिंतीपलीकडं आसिफ टेलर राहतात. घरातच त्यांची मशीन आहे, त्यामुळं ते सदैव हजर असतात आणि त्यांचे सल्लेही.

"शेषेरावसाब, अडॅप्टर म्हणजे अडॅप्टर. पिन बसली की चालतंय," असं म्हणून त्यांनी आपल्या रेडिओचा काढून दिला.

पिन बसली. चित्र आलं. बुटका माणूस पळायला लागला. मग जळक्या भज्यासारखा बारीक वास आला. बुटका पळतच होता, पण आवाजाच्या नावानं नुसती खरखर. मी टीव्हीचा आवाज शेवटपर्यंत वाढवला. खरखर मोठी झाली.

"चित्र तर दिसून राहिलंय ना?" आसिफ म्हणाले. "आवाज कशाला पायजे? नुसती टिवटिव असायची."

आता एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं खुळेपणाचं वाटेल. ती टिवटिव मी कधी ऐकलीच नव्हती. डबा आणल्यावरच्या पहिल्या रविवारी सिंधु खेळत होती, मी आडवा झालो होतो, आणि मी म्हणालो, "ती टिवटिव बंद कर." तिनं केली. मी ते विसरून गेलो, ती विसरली नाही. मी घरात असलो की ती आवाज बंद ठेवूनच खेळायची. एरवी दुपारी मी हापिसात, आणि निवृत्त झाल्यावर वाचनालयात. सव्वीस वर्षं रोज दोन तास माझ्या घरात काय वाजत होतं, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, मला नव्हतं. मला ते एकदा ऐकायचं होतं. आणि ऐकायच्या आधीच मी ते जाळलं होतं.

सुकन्याला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, जुने गेम सगळे नेटवर असतात. नाव सांगा." नाव चिनी अक्षरात होतं आणि तेही सिंधुच्या फडक्यानं पुसून पुसून निम्मं गेलं होतं. मी वर्णन सांगितलं. तिनं दोन दिवस शोधून अकरा गेम पाठवले. कशात रणगाडे होते, कशात माकड. घागर एकाही गेममध्ये नव्हती. मग तिनं हुबेहूब तसा नवा डबा मागवून दिला. त्यात सत्तेचाळीस नंबरवर मासा निघाला. मासा पोहत होता आणि मागं बारशाला लावतात तसं संगीत होतं. मी डबा बंद केला.

दुसरा सल्लाही आसिफ यांचाच. आमच्या नांदेडात वजिराबादच्या मागच्या बोळात साबेरा नावाची बाई रेडिओ-टीव्ही दुरुस्त करते. दुकान तिच्या वडिलांचं, पण हात वडिलांपेक्षा चांगला असं म्हणतात. चाळिशी ओलांडलेली, एक चष्मा नाकावर, एक डोक्यावर. तिनं डबा उघडला आणि जरा वेळ नुसती बघत राहिली.

"काका, हे काळं दिसतंय का? डांबराच्या थेंबावाणी? अख्खा गेम ह्या थेंबात हाय. चित्राची बाजू जिती हाय, आवाजाची मेली. ह्याच्या आत कुणाला हात घालता येत न्हाई. कोणत्या शहाण्यानं लावला हो हा अडॅप्टर?"

आसिफ माझ्यासोबतच होते. ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

"मग आता?" मी विचारलं.

"आता आवाज नवा बनवायचा. कसा होता ते करून दाखवा."

"मला माहीत नाही."

तिनं नाकावरचा चष्मा काढून डोक्यावरचा लावला. "आवाज माहीत न्हाई, आन् आवाज पायजे?"

मी सांगितलं, का ते. मला चांगलं सांगता आलं नाही, दोन-तीन वाक्यांत उरकलं. साबेरानं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. दुकानात इस्त्री घेऊन आलेला एक माणूस होता, तोही उगाच दाराकडं बघायला लागला.

"बनवू," साबेरा म्हणाली. "पण ह्या गेमचा आवाज चौकोनी असतो."

मी चौतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात काढली. पाइप गोल असतो आणि टाकी चौकोनी असते एवढं मला कळतं. आवाज चौकोनी असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. साबेरानं कागदावर बासरीचा आवाज काढला, तो वळणावळणाचा होता. मग गेमचा काढला, तो गच्चीच्या कठड्यासारखा, वर-खाली सरळ खाचांचा. लग्नात वाजवतात त्या कीबोर्डमध्ये शहनाईचे, सतारीचे तयार आवाज भरलेले असतात, ते आपल्या कामाचे नाहीत. "आपल्याला कच्चा आवाज पायजे. आपला आपण दळून करायचा. त्याला जुना सिंथेसायझर लागतोय, गोल बटणांचा. लातूरच्या रेवणसिद्धकडं एक हाय."

निघताना आसिफ यांनी अडॅप्टरची भरपाई म्हणून मला गेमचे आवाज तोंडानं शिकवले. घागर घेतली की टुंग. उडीला टिरिक. वजिराबादेतून घरी येईपर्यंत आम्ही दोघं टुंग-टिरिक करत होतो. माझं वय एकोणसत्तर आहे.

रेवणसिद्धची लातूरला बँड पार्टी आहे. आता लग्नांना डीजे लागतो, त्यामुळं पार्टी म्हणजे तो, त्याच्या मिशा, आणि खुंट्यांवर टांगलेले बारा लाल कोट. त्यानं सतरंजीत गुंडाळलेला सिंथेसायझर आणून माझ्यासमोर ठेवला. वाण्याच्या दुकानावरच्या पाटीएवढा लांब, वर तीस-पस्तीस गोल बटणं. त्यानं एक पट्टी दाबली आणि बटण फिरवलं, तर शेजारच्या घरातलं कुत्रं पळत सुटलं.

"आवाज दमदार आहे," मी म्हणालो.

"लई लग्नं लावलीत ह्यानं," रेवणसिद्ध म्हणाला. "आन् एकबी मोडलं न्हाई."

देण्या-घेण्याचं बोलणं दोन मिनिटांत झालं. मग त्यानं वाद्य उलटं केलं. खाली एक कागद चिकटवलेला होता. हे वाद्य त्याला कधीतरी कुठल्याशा सरकारी योजनेतून मिळालं होतं आणि कागदावर लिहिलं होतं की हे कलावंताशिवाय इतर कोणाकडं हस्तांतरित करू नये.

"कोण बघतंय आता?" मी म्हणालो. मी स्वतः सरकारी नोकरी केलेली असल्यामुळं मला हे म्हणायचा अधिकार होता.

"मी बघतोय की, मालक," रेवणसिद्ध म्हणाला. "खाली सही माझी हाय. तुम्ही कलावंताचा दाखला आणा. कचेरी पलीकडंच हाय."

कचेरीचं नाव सांगत नाही. तिसरा मजला. टेबलामागं उमादेवी नावाच्या बाई होत्या. त्यांनी माझ्याकडं न बघता म्हटलं, "आजोबा, उद्या या."

त्या दोन शब्दांनी मी जागच्या जागी थिजलो. अपमानामुळं नव्हे. तो सूर मी ओळखला. चौतीस वर्षं तो मी स्वतः लावला होता, त्याच पट्टीत. समोरून ऐकायची वेळ पहिल्यांदाच आली. ऐकायला तो बरा नाही, हे मी इथं कबूल करतो.

मुक्काम रेवणसिद्धकडं झाला. दुसऱ्या दिवशी अर्ज मिळाला. कलेचा प्रकार: इतर. सादरीकरणाचा अनुभव: मी सव्वीस वर्षं लिहिलं, कुणाचा ते लिहिलं नाही. गुरूचं नाव, असा एक रकाना होता. तिथं मी जरा वेळ पेन धरून बसलो आणि मग लिहिलं, कै. सिंधु शेषेराव कोलंबीकर.

उमादेवींनी अर्ज वाचला. "इतर म्हणजे काय? करून दाखवा."

"इथं?"

"मग कुठं? दाखला इथनं पायजे ना?"

मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "टुंग." मग "टिरिक." मग परत "टुंग."

कोपऱ्यातला शिपाई म्हणाला, "म्याडम, हे तर टेंपो मागं घेताना वाजतंय तसं हाय." पलीकडच्या टेबलावरचे साहेब म्हणाले, "नाही हो, लिफ्टचं आहे." त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. उमादेवींनी हात वर करून दोघांना गप्प केलं आणि मला विचारलं, "ह्या गुरू, म्हणजे तुमच्या कोण?"

"मंडळी," मी म्हणालो.

त्यांनी शिक्का घेतला, त्यावर हळूच फुंकर घातली आणि मारला. "बसा, आजोबा. चहा घेऊन जा." लोककलावंत (इतर) असा माझा दाखला तयार झाला. मी तो आता देवघराशेजारी लावला आहे.

दाखला बघून रेवणसिद्धला भरून आलं. कलावंताला मी रिकाम्या अंगानं पाठवत न्हाई, असं म्हणून त्यानं खुंटीवरचा एक लाल कोट काढला. सोनेरी झालर, खांद्यावर गोंडे, छातीवर पितळी बटणं. मी नको म्हटलं. त्यानं घातलाच. तो काढून ठेवायचा तर हात मोकळा पाहिजे, आणि माझ्या दोन्ही हातांत सतरंजीत गुंडाळलेला सिंथेसायझर होता. त्यामुळं लातूर ते नांदेड मी कोट घालूनच आलो.

एसटीच्या कंडक्टरनं विचारलं, "मास्तर, हे काय म्हणून लिहू? पेटी लिहू का?"

"पेटी नाही. सिंथेसायझर."

त्यानं मशीनमध्ये बराच वेळ शोधलं. "न्हाई हो ह्याच्यात. खाट हाय, सायकल हाय, कोंबड्याची डाल हाय."

अहमदपूरला एक म्हातारी चढली, माझ्या कोटाकडं बघून हात जोडून म्हणाली, "साहेब, गाडी लोह्याला थांबंल का?" मी थांबेल म्हणालो. थांबली. खाली उतरून तिनं मला परत नमस्कार केला. त्या कोटात एक वजन आहे, हे मान्य करावं लागेल.

ते वजन गल्लीत शिरताना अंगावर आलं. संध्याकाळची वेळ, सगळे ओट्यावर. रिक्षातून लाल कोट घातलेला मी उतरलो, हातात बँडचं सामान. समोरच्या घरात रत्नम्मा राहते, मूळची धर्माबादकडची, सिंधुची मैत्रीण. मनातलं बोलणं तिच्या तोंडात फार वेळ थांबत नाही.

"अण्णा," ती तिथूनच ओरडली, "मुलगी कुठली ओ?"

मी कोणती मुलगी म्हणून विचारलं, ही माझी चूक झाली. त्यावरून तिला वाटलं की एकाहून जास्त स्थळं आहेत. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं अभिनंदन केलं. तिसऱ्या दिवशी सुकन्याचा फोन आला. "बाबा, मला काही अडचण नाही," ती फार समजूतदार आवाजात म्हणाली, "पण बँडवाल्यांतली आहे का?" मी तिला सगळं सांगितलं, तेव्हा ती हसली, मग म्हणाली, "आवाज झाला की मला ऐकवा."

शुक्रवारी साबेराचं दुकान बंद असतं. ती बरोबर दोनला आली. सिंथेसायझर लाकडी टेबलावर ठेवला, टीव्हीवर मुका गेम लावला. मी आसिफ यांना बोलावलं होतं, कारण आवाजाचे साक्षीदार तेच. रत्नम्माला कुणीच बोलावलं नव्हतं. ती होणाऱ्या नवरीला बघायला आली आणि साबेराला डोक्यापासून पायापर्यंत बघून म्हणाली, "हिचं तर लग्न झालंय!"

"हाव, दोन पोरी हायत मला," साबेरा म्हणाली. "बसा तुम्हीबी. विहिरीत पडल्यावर कसा आवाज यायचा?"

रत्नम्मा जागच्या जागी बदलली. पदर खोचला. "ट्याँव, ट्याँव, ट्याँव. तीनदा. खाली खाली जायाचं."

"चार बार," आसिफ म्हणाले.

"तीन!"

"रत्नम्मा, मी त्या ठेक्यावर काजं केलीत. चार काजं, चार ट्याँव. एक शर्ट चुकला न्हाई माझा."

"तुमचे शर्ट मी बघितलेत."

साबेरा बटणं फिरवत होती. आवाज आधी मांजरासारखा आला, मग डासासारखा, मग रेवणसिद्धच्या शेजारचं कुत्रं पळालं होतं तसा. दोघं एका सुरात "न्हाई" म्हणत होते. एवढीच एक गोष्ट त्यांना एका सुरात जमत होती.

"पाव्हण्याची उडी जरा बारीक होती," रत्नम्मा म्हणाली.

"कोण पाहुणा?" मी विचारलं.

दोघं माझ्याकडं बघायला लागले. आसिफ यांनी टीव्हीवरच्या बुटक्याकडं बोट दाखवलं. "हाच की. सिंधुवैनी पाव्हणाच म्हणायच्या. दोनला चालू करताना म्हणायच्या, 'आले का पाव्हणे? या, या.'"

"आन् पडला की 'उठा, उठा, लागलं न्हाई काही,'" रत्नम्मा म्हणाली, आणि ती हे अगदी सिंधुच्या आवाजात म्हणाली. तिला ते मुद्दाम करायचं नव्हतं. सव्वीस वर्षं ऐकलेलं तिच्या तोंडून तसंच बाहेर आलं.

मी चहा टाकायला आत गेलो. चहा टाकायला मला त्या दिवशी जरा जास्त वेळ लागला.

दुसऱ्या शुक्रवारी काम पुढं गेलं. ट्याँव साडेतीन निघाले, म्हणजे तीन पूर्ण आणि शेवटचा अर्धा, त्यामुळं आसिफ आणि रत्नम्मा दोघंही आपणच जिंकलो असं मानून होते. घागरीचा टुंग मात्र जमत नव्हता. साबेरानं दोन चष्मे आलटून पालटून लावले. एक बटण केसभर मागं घेतलं आणि पट्टी दाबली.

टुंग.

खुर्चीखाली आसिफ यांचा पाय मशीन चालवल्यासारखा आपोआप हलायला लागला. रत्नम्मानं तोंडाला पदर लावला. ते माझ्याकडं बघत होते, पण मला काय कळणार? मी पहिल्यांदाच ऐकत होतो. ताटलीत चमचा पडावा तसा, पण पडून आनंद झाल्यासारखा आवाज होता. टिवटिवच होती, सत्तावीस वर्षांपूर्वी मी म्हणालो ते काही खोटं नव्हतं. पण मी "परत," म्हणालो. साबेरानं परत दाबलं. मी आणखी तीनदा परत म्हणालो.

रिमोटला हात लावला नाही तर बुटका नमुन्यादाखल आपला आपण पळत राहतो; मग साबेरानं टीव्हीवर तो डाव बघत बघत सगळा वाजवायला घेतला. पळायचा टकटक ठेका, टिरिक, टुंग, टुंग, टिरिक. दारं-खिडक्या उघड्याच होत्या. चार विहिरी झाल्या, पाचवी आली, आणि साबेराला चहा प्यायचा होता म्हणून तिनं मध्येच हात उचलला.

आवाज थांबला, आणि रत्नम्मा खुर्चीवरून उठून दाराबाहेर पळाली. तिच्यामागं आसिफ. बाहेर एकदम खडखडाट झाला. मी आणि साबेरा दारात येऊन बघतो तर गल्लीतल्या सगळ्या घरांतून बाया, माणसं, बादल्या, घागरी, पाइपची वेटोळी घेऊन आपापल्या दारातल्या नळाशी धावत होती. शेवटच्या घरातल्या आजीबाई हंडा घेऊन निघाल्या होत्या, काठी विसरून. तीन मोटारी चालू झाल्या. सगळ्यांनी तोट्या उघडल्या. नळ फुसफुसले आणि गप्प बसले.

"पाणी कुठाय?" कुणीतरी विचारलं. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले.

रत्नम्मा कपाळाला हात लावून हसायला लागली. ओट्यावर बसून हसली. मग तिनं मला समजावून सांगितलं. आमचं घर गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या लाइनला लागून. पाणी दिवसाआड येतं आणि आलं की आधी आमच्या हौदात पडतं. हौदात धार पडल्याचं ऐकलं की सिंधु डाव मध्येच थांबवून पाणी धरायला उठायची. ट्याँव झालं तर पाव्हणा पडला. ट्याँव न होता आवाज तुटला तर पाणी आलं. गल्लीला हे वेगळं सांगावं लागत नव्हतं.

"आन् आता वर्षभर आमचं पाणी चुकून राहिलंय," शेवटच्या घरातल्या आजीबाई म्हणाल्या.

इथं माझी स्थिती लक्षात घ्या. मी पाणीपुरवठा खात्यातला माणूस. नोकरीत असताना दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी पाण्याचं वेळापत्रक माझ्या हातानं, ठळक अक्षरात लिहून आमच्या फाटकाला लावत होतो. गल्लीला पाण्याची वेळ आपल्यामुळं कळते, असा माझा पक्का समज होता.

"ते वेळापत्रक?" मी विचारलं.

"हां, ते," आसिफ म्हणाले. "कागद चांगला असायचा, साब. मी त्यावर मापं लिहायचो."

लोक रिकाम्या बादल्या घेऊन हसत हसत परत गेले. मला चार शिव्याही बसल्या. आजीबाईंना त्यांची काठी नेऊन दिली. माझ्या लग्नाचा विषय त्या दिवसापासून मिटला. कोट घालून दुपारी गेम खेळणाऱ्या माणसाला कोण मुलगी देणार, असं रत्नम्मानं सगळ्यांना पटवून दिलं.

तेव्हापासून मी रोज दोनला बसतो. अडचण एकच आहे. चित्र डब्यात आणि आवाज सिंथेसायझरमध्ये, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. त्यामुळं एकानं खेळायचं आणि दुसऱ्यानं टीव्हीकडं बघून आवाज द्यायचा, असं करावं लागतं. साबेरानं पट्ट्यांवर रंगीत टिकल्या लावून दिल्यात: लाल उडी, हिरवी घागर, काळी विहीर. आवाज द्यायला गल्लीतलं कुणी ना कुणी येतं. आसिफ आवाज देतात तेव्हा ठेका बिनचूक असतो, पण शिवणकाम पडून राहतं. रत्नम्मा देते तेव्हा ती मी पडायच्या आधीच काळी टिकली दाबते.

"रत्नम्मा, मी अजून पडलो नाही."

"पडणारच की, अण्णा."

आणि मी पडतो. सिंधु नऊ विहिरींपर्यंत जायची म्हणे. दीड महिना झाला, मला तिसरी ओलांडता येत नव्हती. आसिफ म्हणतात तुमचा अंगठा सरकारी आहे. सुकन्याला फोनवर आवाज ऐकवला. "हाच, हाच," ती म्हणाली, आणि मागं तिचा नवरा काय झालं म्हणून विचारत होता.

परवा बुधवारी रत्नम्मा आवाजावर होती. मी दोन विहिरी ओलांडल्या. तीन घागरी घेतल्या, टुंग टुंग टुंग. तिसरी विहीर समोर आली. ती सगळ्यांत रुंद आहे, काठावर अगदी शेवटच्या क्षणी उडी मारावी लागते. मी अंगठा बटणावर ठेवला. तेवढ्यात मागं हौदात धार पडल्याचा आवाज आला, आणि रत्नम्मा पट्ट्या सोडून पळाली.

आवाज तुटला. गल्लीत खडखडाट सुरू झाला. मी डाव थांबवायला पाहिजे होता, सिंधुनं थांबवला असता. पण पाव्हणा काठावर होता. मी बटण दाबलं. तो मुक्यानं उडाला, मुक्यानं विहिरीवरून गेला आणि पलीकडं उतरून पळायला लागला.

मी रिमोट टाकून बाहेर धावलो. फाटकाबाहेर रत्नम्मा, आसिफ, आजीबाई, सगळ्यांच्या दारातले नळ धो धो वाहत होते.

"तिसरी ओलांडली!" मी ओरडलो. "तिसरी विहीर! मी ओलांडली!"

कुणी वर बघितलं नाही.

"मुबारक, शेषेरावसाब," आसिफ पाइप लावता लावता म्हणाले. "आता ही बादली धरा."

मी बादली धरली.